साडेनऊचा शंख

सकाळी साडेनऊला शंख वाजला आणि सुप्याजवळच्या त्या खोलगट वस्तीवरचा धूर खरोखर उचलला गेला. दीडशे माणसांनी हात जोडले.

"वायू आपल्या खिशात हाय, भक्तांनो! पंप, गोळ्या फेका," धूरहारीबाबा म्हणाले. खिशात त्यांचा मोबाईल तेवढा वाजत होता.

मालनबाईंनी दम्याचा पंप फेकून तीन आठवडे झाले होते. नवरा वारलेला, पोरगा पुण्याला. दिवसभर भिंतींशी बोलणार तरी किती? बाबांच्या मांडवात मात्र बायका जवळ बसवून घ्यायच्या. त्या सोबतीसाठी त्या धापा टाकत जायच्या. दमा वाढलाय म्हणावं, तर भक्ती कमी पडली असं ठरायचं आणि बायका सरकून बसायच्या.

शुक्रवारी मात्र त्यांना ओट्यावरून उठवेना. शेजारचे निवृत्त भूगोल शिक्षक शांतवन सर धावले. डॉक्टरांना फोन करून त्यांनी मेडिकलमधून नवा पंप आणला. तासाभरानं मालनबाईंना बोलता आलं. समोरचा धूर तेव्हा वर चढत होता.

"शंख वाजला व्हय, सर? मला न्हाई आला ऐकू."

"बाबा कालच देवळाली प्रवऱ्याला गेलेत, कार्यक्रमाला."

"मग धूर कुनी उचलला?"

"उन्हानं. रात्री डोंगरावरची गार हवा या खोलगट भागात उतरून साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. वीटभट्टीचा, आपल्या बंबांचा धूर खालीच कोंडतो. जमीन तापली की झाकण सुटतं. पुण्यालाही डोंगर आहेत, मालनबाई. तिथं गाड्यांचा धूर थंडीत असाच अडकतो. तुमचा मुलगा तोच ओढतो."

"आन ढगाळ दिवशी?"

"तेव्हा धूर हलत नाही. म्हणून त्या दिवशी बाबांचं मौन असतं, शंख वाजतच नाही."

मालनबाईंना बाबांच्या मौनाचे दोन दिवस आठवले; दोन्ही ढगाळ होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि मग राग आला.

रविवारी त्या मांडवात उभ्या राहिल्या. बोललं तर ही सोबत तुटणार, हे कळत होतं.

"बाबा, उद्या सातला वाजवा शंख. धूर तवाच लई असतो."

"सातला देव निजलेला असतो, आज्जी."

"परवा तुमी नव्हता, तरी साडेनऊला धूर गेला. मी ओट्यावर बसून बघितला. आन पंप सोडून मी मरता मरता वाचले."

मागं कुणीतरी हसलं. मग जो तो सातचा शंख मागू लागला, आणि आठवड्यात बाबांनी गाशा गुंडाळला. फसल्याची लाज ज्याला त्याला, त्यामुळं मालनबाईंच्या ओट्याकडं कुणी फिरकेना. श्वास मोकळा झाला, पण घर गप्पच राहिलं.

लोकहो, चमत्काराला एक दिवस दांडी मारून बघा, तुमच्यावाचून, बुवावाचून तो घडतो का. औषधाला मात्र दांडी नको. आणि असली एखादी म्हातारी खरं बोलली, तर तिच्या ओट्यावर जाऊन बसा.