अक्षरी ओळ झाकायची राहिली

मी बोलतेय, एका हिशेबनीस बाईंची पगाराची पावती. जरा हळूच बोलते, कारण माझ्या कपाळावर 'गोपनीय' असं छापलेलं आहे.

माझा जन्म कारखान्याच्या ऑफिसातला. यंत्र कुरकुरलं, मी गरमागरम बाहेर पडले आणि लगेच पाकिटात बंद झाले. अंगाने मी बेताचीच. त्या महिन्यात बाईंच्या आईचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना अर्धा महिना बिनपगारी रजा पडली होती. त्यामुळे आधीच्या बहिणींच्या मानाने मी निम्मीच भरले.

घरी माझी जागा कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. सासूबाई वर्षानुवर्षं आडून आडून विचारत, "भागतं ना गं तुझं तेवढ्यात?" बाई म्हणत, "भागतं की!" आकडा काही हाती लागू दिला नाही. सासूबाईंना जन्मात जमलं नाही ते नव्या कंपनीच्या भरतीवाल्याने एका फोनवर करून दाखवलं.

"मॅडम, निवड झाल्यातच जमा. तिकडचा राजीनामा मंजूर करून घ्या आणि शेवटची पगाराची पावती पाठवा. फक्त फॉर्मॅलिटी हो!"

राजीनामा गेला. मग माझ्यावरून घरात खल सुरू झाला.

"हिचा आकडा बघून ते तुला निम्म्यात गुंडाळतील," नवरा म्हणाला. "पट्टी ठेवून झेरॉक्स काढ."

"आणि विचारलं तर?"

"म्हणावं, खासगी आहे. जागेचा जो पगार असेल तो द्या."

बोलणं रास्त होतं. कोऱ्या कागदाची पट्टी कापून रजेच्या दिवसांपासून हातात पडणाऱ्या रकमेपर्यंत अख्खा रकाना झाकला. दोघं मान तिरकी करून आपल्या कारागिरीकडे बघत राहिले. माझ्या तळाशी 'अक्षरी' म्हणून एक ओळ असते आणि तीत तोच आकडा शब्दांत लिहिलेला असतो, हे जन्मभर हिशेब लिहिणाऱ्या बाईंच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण मला विचारतो कोण?

पगार ठरायच्या दिवशी मी बाईंच्या पर्समध्ये होते. भरतीवाल्याने बाईंनी आधीच पाठवलेली झेरॉक्स पुढे ओढली आणि ती ओळ खणखणीत आवाजात वाचली. शेजारच्या टेबलांचे कान टवकारले.

"यावर आम्ही घसघशीत वाढ दिलीय, मॅडम. खूश?"

"अहो, तो अर्ध्या महिन्याचा पगार आहे! रजा होती माझी."

"रजा कुठे दिसतेय?"

"ती... पट्टीखाली आहे."

"मग पट्टी काय आम्ही लावली?"

बाईंनी घाईघाईने मला बाहेर काढलं. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "आता बघून काय उपयोग? आकडा वर साहेबांकडे गेला, मंजूरही झाला."

"बरं, माझ्या आधी या जागेवर जे होते, त्यांना किती देत होतात?"

"असं कसं सांगणार, मॅडम? गोपनीय असतं ते."

म्हणजे माझ्या कपाळावरचा शब्द त्याला वाचता येत होता तर!

परतीची वाट नव्हती. जुन्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं होतं. बाईंनी सही केली.

आता कपाटात माझ्या अंगावर नव्या कंपनीची पावती येऊन पडलीय. माझ्यापेक्षा जरा भरलेली, माझ्या बहिणींपुढे मात्र किडकिडीत. तुमच्या घरी माझ्या जातकुळीचं कुणी असेल, तर मागेल त्याच्या हाती देऊ नका. मी एका वाईट महिन्याची पावती आहे, माणसाच्या किमतीची नव्हे.

काल सासूबाईंनी प्रथमच सरळ विचारलं, "पगार वाढला ना गं?"

बाईंनी कपाटाचं दार लावता लावता उत्तर दिलं, "मागच्यापेक्षा वाढला."

खोटं नाही बोलल्या. मी साक्षीला आहे.