पडलेलं झाड कोणाचं

वादळ ओसरलं त्या सकाळी मी दार उघडलं, तर बाहेर लाकडी डेक दिसत नव्हता, पानंच पानं होती. कोपऱ्यावरचं पोहुतुकावाचं झाड वाऱ्याने कलंडून थेट माझ्या दारात येऊन झोपलं होतं. घराला ओरखडासुद्धा नव्हता. ओल्या, खारट उजेडात पानांच्या पांढुरक्या पाठी हलत होत्या आणि खाली कुठेतरी समुद्र घोरत होता. चहाचा कप घेऊन मी फांद्यांत शिरलो आणि एका फांदीवर बसून राहिलो. दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वप्नात चुकून आल्यासारखं वाटत होतं.

आमचं चाकांवरच्या घरांचं पार्क पोरिरुआच्या पुढे, किनाऱ्याला लागून. घरं ज्याची त्याची, खालची जमीन पार्कची. घरांना चाकं आहेत, पण ती केव्हाच गवतात रुतून बसलीत. ख्राइस्टचर्चची नोकरी संपल्यावर आम्ही इथे आलो, तेव्हा माझ्या बायकोने, विभावरीने, घराच्या आधी हे झाड पाहिलं. फांद्यांवरून तांबूस मुळांच्या झिपऱ्या लोंबत होत्या.

"अहो, वड!" ती म्हणाली.

मी पडलो इंजिनिअर. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. हा पोहुतुकावा, ख्रिसमसला लाल फुलतो, वडाशी याचं लांबचंही नातं नाही, असं मी तिला सविस्तर समजावलं. पारंब्या आहेत ना, मग झालं तर, म्हणून तिने विषय संपवला.

तेव्हापासून दर ज्येष्ठातल्या पौर्णिमेला, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, ती पफर जॅकेटवर शाल गुंडाळून झाडाला दोरा गुंडाळायची. वाऱ्याने दोरा उडायचा, हळदीकुंकू उडायचं, ती मात्र गोल गोल फिरत राहायची. मी खिडकीतून मजा बघायचो. एकदा म्हटलं, सात जन्मांचं बुकिंग करण्याआधी मला विचारायची पद्धत आहे की नाही?

"तुमच्यासाठी कोण मागतंय? घराला चाकं आहेत," ती म्हणाली. "कुठेतरी बांधून ठेवायला नको?"

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. यंदाची पौर्णिमा आली तेव्हा मी पडदा ओढून आत बसून राहिलो. मला राग आला होता. तिने इतकी वर्षं माझं आयुष्य मागितलं आणि स्वतःचं मागायला विसरली, याचा राग. आणि झाडाने ते निमूटपणे ऐकून घेतलं, याचाही.

तर आता तेच झाड दारात पडलं होतं आणि ते उचलायचं कोणी, हा प्रश्न होता. पार्कचा मॅनेजर रॉस म्हणाला की वादळानंतर ज्याने त्याने आपापली जागा साफ करायची, आणि झाड तुझ्या जागेत आहे. मी म्हटलं, शेंडा माझ्या जागेत असेल, मुळं पार्कच्या जमिनीत आहेत. मूळ जिथे, झाड तिथलं. भांडायला विषय मिळाला की माझी तब्येत सुधारते. मी टेप घेऊन मापं काढली, रॉसला चिखलातून मुळांपर्यंत नेलं आणि त्या झाडाशी माझा काडीचाही संबंध नाही, हे वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं. रोटोटुनाहून आमच्या जुईचा फोन आला. "बाबा, इट्स जस्ट अ ट्री. लेट देम हँडल इट," ती म्हणाली. मी म्हटलं, तेच तर चाललंय.

पण भांडून घरी आलो की मी त्या पानांतच राहत होतो. दुपारी पलंगावर हिरवा उजेड सांडायचा. एक टुई पक्षी स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन घसा खाकरायचा. अशाच एका दुपारी डोळा लागला आणि दिसलं, की आमचं घर हळूहळू समुद्राकडे घरंगळत चाललंय. विभावरी काठावर उभी होती. तिच्या हातात दोऱ्याचं रीळ होतं आणि पतंगाला द्यावी तशी ती मला ढील देत होती. जाग आली तेव्हा फार बरं वाटत होतं, आणि मग ती नाही हे आठवलं.

शेवटी रॉसने हात टेकले. झाड पार्कचं, पार्कच उचलेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला, चेनसॉवाला आला. शेंड्याकडून काम सुरू झालं. फांद्या गेल्या तसा घरात पांढरा, कोरडा उजेड भरत गेला. जिंकलेल्या माणसासारखा मी पायरीवर उभा होतो. करवत बुंध्यापाशी पोचली आणि थांबली.

झाड पडल्यापासून फांद्यांखाली झाकलेला बुंधा उघडा पडला होता. त्यावर दोरे होते. खालचे शेवाळून हिरवे झालेले, काही सालीत पार रुतलेले. सगळ्यांत वरचा अजून पांढरा होता, तो गेल्या वर्षीचा. बुंध्याला ठिकठिकाणी कोवळे कोंब फुटायला लागले होते. निम्मी मुळं अजून जमिनीत होती, झाड मेलेलं नव्हतं.

चेनसॉवाल्याने विचारलं, हे कुणीतरी बांधलंय, झाड नक्की कोणाचं? रॉसने माझ्याकडे पाहिलं आणि माझंच वाक्य म्हणून दाखवलं: झाड पार्कचं, इथे कोणाचा काही संबंध नाही. तेव्हा त्या माणसाने करवतीत गुंतू नयेत म्हणून दोरे कापायला खिशातून चाकू काढला.

"थांबा," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो, पण तो थांबला. मग खाली उतरून मी बुंध्यावर हात ठेवला आणि त्यांना कळेल असं म्हटलं, "इट्स माईन. माझं आहे हे."

 रॉस म्हणाला की तसं असेल तर हा सगळा पसारा तुला एकट्याला आवरावा लागेल, प्रकाश. पानन् पान.

"स्वीट ॲज," मी म्हटलं, म्हणजे इथल्या भाषेत, चालेल. 

कापलेल्या फांद्या तिथेच टाकून ट्रक रिकामाच गेला. आता मी रोज हातकरवतीने जमेल तेवढ्या फांद्या कापतो आणि पाठीला शेक देतो. बुंधा तिथेच आहे. येता-जाता तो ओलांडावा लागतो.

यंदाचा दोरा राहिला होता. तिच्या शिवणाच्या डब्यात रीळ सापडलं. आडव्या झाडाला प्रदक्षिणा घालता येत नाही, म्हणून काठीने ढोसून मी दोरा खालून पलीकडे काढत राहिलो, परत वरून घेत राहिलो. मागायचं काय, ते सुचेना. मग दोऱ्याचं उरलेलं टोक घराच्या चाकाला बांधलं आणि आत जाऊन चहा टाकला.