जिवंत माणसांची नावं

त्या गुरुवारी सगळं रोजच्यासारखं होतं. सकाळी शब्बीरभाईंचा टेम्पो मारुंजी-भूगावच्या सोसायट्यांमधली रिकामी खोकी घेऊन आला. गेणबांनी माझ्या पोटातली राख ओढली, आग धरवली, आणि दहाच्या सुमाराला मी पहिली वाफ दिली.

मित्रांनो, मी उरवड्यातल्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्याचा बॉयलर आहे. आता जुना झालो आहे. माझ्या वाफेवर पुठ्ठा तयार होतो, पुठ्ठ्याची खोकी होतात, खोकी घरोघरी जातात आणि रिकामी होऊन माझ्याच तोंडाशी परत येतात.

माझा जन्म चिंचवडच्या एका शेडमधला. नवा होतो तेव्हा मला लाकूड घालत. लाकडाला नाव नसतं. पुढे भुसा दाबून केलेल्या कांड्या आल्या, त्यांनाही नाव नव्हतं. मग लोक घरबसल्या वस्तू मागवू लागले. खोक्यांचे डोंगर झाले, आणि मालकांनी मला त्यांच्यावर जगायला शिकवलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या पोटावर थाप मारून कौतुकही केलं. पण आता प्रत्येक खोक्यावर पत्त्याची एक चिठ्ठी होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक माणूस.

मला भरवायचं काम गेणबांचं. मी उभा आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं. चकचकीत वेष्टनं आणि पिशव्या ते आधी बाजूला काढत. त्यांना माझी आग पुरत नाही, धूर विषारी होतो. त्यांचे गठ्ठे सिमेंटच्या मोठ्या भट्टीकडे जात. त्यानंतर गेणबा खोकं हातात घेत, ओल्या अंगठ्यानं चिठ्ठी सोलत आणि भिंतीवरच्या तारेत ओवत.

"जित्या मानसाचं नाव आगीत घालू न्हाई," एवढंच ते म्हणत.

तारा भरत गेल्या. हजारो नावं भिंतीवर लटकू लागली. वारा नसतानाही ती हलत आणि बारीक कुजबुज होई. माझ्या उष्म्यानं होत असेल, असं मी स्वतःला समजावत असे.

"गेणबा, एवढी जमवलीस, आता मतदार यादी कर," शब्बीरभाई म्हणायचे.

"तुजं बी हाय त्यात. परवा तुज्या पोरानं, सुलतानानं, चपला मागवल्या तुज्या नावानं."

"म्हंजे मी वाचलो म्हण की."

त्या गुरुवारी दुपारी गेणबांची मुलगी गौतमी आली. ती हिंजवडीला नोकरी करते. रक्तदाब मोजायचं यंत्र तिनं आबांच्या, म्हणजे गेणबांच्या नावानं कारखान्याच्या पत्त्यावर मागवलं होतं. फाटकाबाहेर तिची गाडी चालूच होती. तिनं खोकं फोडलं, आबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा दोनदा वाचला.

"गोळी घेतली का?"

"घेतली की. काल."

"कालची नाही, आजची."

"आज अजून हाय की सगळा."

ती हसली नाही. तिनं फाटकाकडे पाहिलं.

"चल, गाडीपर्यंत येतो," गेणबा म्हणाले. "तोंड तेवढं धुतो. खोकं राहू दे हितंच, चिठ्ठी काढायची हाय."

ते नळाकडे गेले. गौतमीनं लोखंडी आकड्यानं माझं दार उघडलं आणि खोकं आत लोटलं.

"टाकलं मी, आबा. मला उशीर होतोय. तुम्ही नका येऊ."

ओल्या तोंडानं गेणबा दाराशी आले. आत पाहत राहिले. चिठ्ठीला आच लागली की ती आधी काळी पडते. नाव जळत नाही, काळ्यात बुडतं. ते बुडताना त्यांनी पाहिलं.

"माजंच हुतं व्हय?" ते म्हणाले. "बरं. असू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना ते चपला घालायला उंबऱ्यावर बसले, ते उठलेच नाहीत.

मी काही केलं नाही, मित्रांनो. पण मी आग आहे. माझ्या शब्दाला कोण मानणार?

नवा माणूस चिठ्ठ्या काढत नाही. आता सगळी नावं आत येतात. चिकटपट्टीसकट, प्लास्टिकसकट. माझ्या नळ्यांवर काजळी धरली आहे. शिट्टी द्यायच्या आधी माझ्या पोटात काहीतरी पुटपुटतं. शब्बीरभाई हल्ली खोकी दारातच उतरवतात, आत थांबत नाहीत. "हा हजेरी घेतोय," म्हणतात.

चौदाव्या दिवशी गौतमी आबांचा डबा आणि टॉवेल न्यायला आली. डबा घेतला, पण गेली नाही. भिंतीपाशी उभी राहून ती तारेवरची एकेक चिठ्ठी उलटून वाचू लागली.

"काय बघतीस, पोरी?" शब्बीरभाईंनी दारातूनच विचारलं.

"काही नाही, चाचा."

"गेणबाचं न्हाई मिळायचं त्यात. त्याला कोन काय धाडतंय? तू धाडलंस तेवढंच."

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते टेम्पोकडे वळले.

मित्रांनो, मला जे द्याल ते मी खातो. मला निवडता येत नाही. म्हणून निवडणारा माणूस जपा. त्याचे हात काळे असतात, कारण तुमच्या घरातून निघालेलं सगळं शेवटी त्याच्या हातात येतं. खोकं टाकण्याआधी क्षणभर थांबा. मला घाई नसते.

गौतमी माझ्यासमोर आली. तिनं आकडा उचलला आणि दार उघडलं. उजेड तिच्या तोंडावर पडला. आता ती नावाबद्दल बोलेल, असं मला वाटलं. मला दोष देईल, किंवा स्वतःला. तारांवरची कुजबुज थांबली होती. पहिल्यांदाच.

"आबा, त्या दिवशी मला उशीर होत नव्हता," ती मोठ्यानं म्हणाली. "गाडीत ऋषिकेश होता. आमचं लग्नाचं चाललंय, ते तुम्हाला सांगायचं होतं. त्याला मी सांगितलं होतं, तुम्ही ऑफिसात बसता. तुम्ही तोंड धुऊन यायच्या आत मला निघायचं होतं. मला तुमची लाज वाटली, आबा."