बदकं आणि समुद्रकाकडी

मालसुनने जाळीतून उचललेल्या समुद्रकाकडीने, त्या काकडीच्या आकाराच्या समुद्री जिवाने, पोटातलं सगळं तिच्या हातावर भसकन ओकून टाकलं. शेजारी उभ्या असलेल्या गुमोकने, तिच्या मुलीने, तोंड फिरवलं. गुमोकच्या पिशवीतून लग्नात भेट मिळालेल्या लाकडी बदकांच्या जोडीच्या चोची डोकावत होत्या. नवऱ्याने दुसरीशी संसार थाटून तीन महिने झाले होते, आणि ही दुपारच्या बोटीने बुसानला निघाली होती, त्याच्याच दाराशी जाऊन बसायला.

“येईल तो परत, आई. बदकं जन्मभर जोडी सोडत नाहीत. उगाच का देतात लग्नात?”

मालसुन फिस्सकन हसली. चाळीस वर्षं समुद्रात बुड्या मारून शंखशिंपले काढणाऱ्या बाईला लाडीगोडी कुठून जमणार!

“कुणी सांगितलं गं तुला? आपल्या तळ्यावर बघते की मी. नर दर हिवाळ्यात नवी मादी गाठतो. पिल्लं अंड्यातून बाहेर यायच्या आत पसार! त्यापेक्षा ही बघ.” तिने लिबलिबीत समुद्रकाकडी पुढे धरली. “आतडी टाकली तरी मरत नाही. पाण्यात सोड, दोन महिन्यांत नवी येतात. हिच्यासारखी हो जरा.”

“तुला बोलायला काय जातं? बाबा समुद्रात बुडाले. तुला टाकून नाही गेले.”

मालसुनने समुद्रकाकडी खाली ठेवली.

“ओसाकाला आहे तो. दोन पोरं आहेत त्याला तिथे.”

गुमोकने पिशवी ओल्या खडकावर ठेवली. बावीस वर्षं दर श्राद्धाला ती भाताचा वाडगा मांडत आली होती, मासा, दारूचा पेला मांडत आली होती, आणि त्यापुढे कपाळ टेकत आली होती.

“जिवंत माणसाचं श्राद्ध घातलं आपण?”

“मग काय करणार होते? सहा वर्षांची तू. शाळा सुटली की धक्क्यावर जाऊन बसायचीस. जेवायला हाका मारून घसा बसायचा माझा. मेलेल्याची कुणी वाट बघत नाही, म्हणून मारलं त्याला.”

गुमोकला संताप आवरेना.

“मला फसवलंस. अख्ख्या गावाला फसवलंस. आणि तुझं काय? तुला तर माहीत होतं ना, तो जिवंत आहे?”

मालसुनने पाण्यात हात धुतले.

“तू झोपलीस की मी जायचे धक्क्यावर,” ती म्हणाली. “नऊ वर्षं जात राहिले. तू नको गं जाऊस.”