सोडलेला झेल

हेमावतीबाईंनी हातरुमाल वर उडवला. समुद्राकडच्या वाऱ्यावर गिरक्या घेत तो खाली आला, आणि ऊर्मीने तो दोन्ही हातांनी धरला. डोळे न मिटता.

"हां! आतां चेंडू."

"नको ना आजी. तोंडावर येतो."

"स्पंजाचा आहे गं. आला तर तोंड पुसून निघेल."

ऊर्मी हसली. सात वर्षांची, शेजाऱ्यांची पोर. वडलांची बदली झाली म्हणून साताऱ्याहून चेन्नईत, पेरुंगुडीच्या या उंच इमारतीत आली होती. तमिळचा गंध नव्हता. आवारात पलीकडे गाड्यांच्या रांगेशेजारी मुलं गोल करून झेलाझेली खेळत. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी बाद करून टाकलं होतं. चेंडू आला की ही डोळे मिटायची.

हेमावतीबाईंचा जन्म तिरुवल्लिकेणीच्या शाळेत लहान मुलांना हेच शिकवण्यात गेला होता. उडी मारणं, तोल सांभाळणं, फेकणं, झेलणं. अशी भित्री मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. आधी रुमाल, मग फुगा, मग चेंडू; आठवड्याभरात हात बसतो. ऊर्मीला मात्र त्यांनी महिनाभर रुमालावरच रेंगाळत ठेवलं होतं.

यजमान तुकोजीराव गेल्यापासून घरात मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं. सून रंजनी तमिळ बोले, नातू इंग्रजी. ही पोर त्यांच्या तंजावरी बोलण्याला हसायची, पण ऐकायची.

"काल काय सांगटलें तुला?"

"सांगटलें नाही हो, सांगितलं!"

"बरं, मास्तरीणबाई. काय सांगितलं?"

"चेंडूकडं बघायचं. आला की पोटाशी घ्यायचा."

"मग घे."

चेंडूबरोबर ऊर्मीची नजर थेट हातांपर्यंत आली. बोटं वळली. चेंडू तळव्यांत बसला.

मग बोटं उघडली. चेंडू खाली पडला.

"सुटला," ऊर्मी जमिनीकडे पाहत म्हणाली. "मला येतच नाही. उद्या परत रुमालानंच करू या?"

झेल सुटतो तेव्हा मूल चेंडूमागे झेपावतं. ही जागची हललीसुद्धा नव्हती.

'करू या' हे शब्द हेमावतीबाईंच्या ओठांवर आले होते. त्यांनी वाकून चेंडू उचलला. गुडघ्यावर हात टेकून क्षणभर तशाच राहिल्या. मग ताठ होऊन त्यांनी चेंडू पलीकडच्या घोळक्यात भिरकावला.

"अय्यो, पाट्टी!" आजीचा चेंडू मध्येच आलेला पाहून कोणीतरी ओरडलं.

"जा, घेऊन ये," त्या म्हणाल्या.

ऊर्मी पाय ओढत गेली. एका मुलीने चेंडू उचलला, तिच्याकडे पाहिलं आणि खेळाच्या भरात तिच्याच दिशेने फेकला. ऊर्मीने तो पोटाशी घेतला. गोल जरासा रुंदावला. तिने एकदा मागे वळून पाहिलं, आणि पुढचा चेंडू आला.

लिफ्टपाशी शेजारची कनका भेटली.

"काय टीचरम्मा, आज लवकर?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"हो, वर्ग संपला," हेमावतीबाई तमिळमध्येच म्हणाल्या.