नकाशावरची फुली

पंचवीस वर्षं मी तिसरीच्या मुलांना फळ्यावर मुंबईच्या सात बेटांचा नकाशा काढून देते आणि परळच्या बेटावर फुली मारते. "इथे तुमच्या बाई राहतात." नकाशात चूक झालेली मला अजिबात खपत नाही.

लोअर परळच्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, किल्ली मिळाली, आणि सासरे अडून बसले. अण्णा ब्याऐंशीचे, जन्म गिरणीत गेलेला. "मुंबई आपली भुंय न्हय," म्हणत त्यांनी माझ्या नवऱ्याला, उन्मेषला, शनिवारचं मालवणचं तिकीट काढायला लावलं. गावच्या घरात माणूस नाही. ते तिथे एकटे राहणार हे मला पटत नव्हतं.

गुरुवारी मी त्यांना टॉवर बघायला नेलं, म्हटलं बघून तरी विरघळतील. शेजारी दुसऱ्या टॉवरचा पाया खणत होते. डंपरमधून काळा चिखल रस्त्यावर सांडला होता. अण्णा वाकले, त्यातले दोन शिंपले उचलले, अंगठ्याने पुसले, वास घेतला.

"तिसऱ्यो," ते म्हणाले. "मेघना, ह्यां खाजण गो."

खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती जमीन. अण्णांच्या वडिलांनी गावी बांध घालून तसल्याच जमिनीत भात काढला होता.

म्हणजे आमची चाळ बेटावर नव्हतीच. माझी फुली पंचवीस वर्षं चुकत होती, आणि मला स्वतःचा रागसुद्धा आला नाही. मी वर पाहिलं. बाविसाव्या मजल्यापर्यंत कपडे वाळत होते, खाली बस वळत होती, खारट दमट वारा अंगाला चिकटत होता. सात बेटं आणि मधला समुद्र, त्यावर आज तीसेक लाख माणसं राहतात. भरतीच्या वेळी पाऊस झाला की आमच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी येतं आणि मी महापालिकेच्या नावाने बोटं मोडते. ते पाणी आपल्या जुन्या जागी येत होतं.

अण्णा खड्ड्याकडे बघत होते. "केवढी माती व्हायली असतली," ते हळूच म्हणाले. "आमच्यासारख्यांनीच."

शिंपले त्यांनी खिशात टाकले. परत फिरताना विचारलं, "आपलां घर कितव्या माळ्यार?"

"बाविसाव्या."

"थंयसून दर्यो दिसता?"

"दिसतो, अण्णा. वरळीकडचा."

त्यांनी खिशातले शिंपले चाचपले. "उन्मेषाक सांग, तिकीट रद्द कर."

सोमवारी मी फळ्यावर नकाशा काढला आणि परळच्या बेटाशेजारी, पाण्यात, फुली मारली. "इथे तुमच्या बाई राहतात," मी म्हटलं. "आणि बाईंचे सासरे."