हळू तापणारी भट्टी

मित्रांनो, मला सगळे भट्टी म्हणतात, पण माझ्या पोटात आजवर एकही पदार्थ शिजलेला नाही. मी पिकांच्या प्रयोगशाळेतली जुनी तापपेटी आहे. उंची माणसाएवढी, दाराला काच, काचेला एक तडा, आणि आत जेमतेम दोन ट्रे मावतील एवढी जागा. रोपांना उन्हाळा दाखवणे हे माझे काम.

मला जुळवणाऱ्या कारागिराने भिंती जाड घेतल्या आणि पंखा लहान बसवला. त्यामुळे अठ्ठेचाळीस अंशांवर पोचायला मला तीन तास लागतात. नवी होते तेव्हा लोक कौतुकाने म्हणत, "काटा कसा जागचा हलत नाही बघा!" पुढे माझ्या डोक्यावर रिकामे खोके ठेवू लागले.

नियम असा होता, की मला आधी तापवायचे आणि मग रोपे आत ठेवायची. पण दार उघडले की माझी निम्मी ऊब निघून जाते. म्हणून प्रयोगशाळेतल्या मावशी सकाळी थंड पेटीतच ट्रे ठेवत आणि मग बटण दाबत. "एकदा दार लावलं की मोकळं. किती उघडझाप करायची?" हे सगळ्यांना पटले. गव्हावर काम करणाऱ्या बाईंनाही पटले.

बाईंच्या गव्हाच्या नव्या वाणाचा नंबर सतरा. दोन वर्षे त्याची रोपे माझ्यात आली, अठ्ठेचाळीस अंशांत दोन तास राहिली आणि हिरवीगार बाहेर पडली. एवढ्या उष्णतेत साधा गहू मरतो, असे दुसऱ्या एका प्रयोगशाळेच्या अहवालात छापलेले होते. त्यामुळे साधा गहू माझ्यात कुणी ठेवलाच नाही. बाईंनी लिहून दिले: सतरा नंबर उन्हात टिकतो, महिनाभर उशिरा पेरला तरी चालेल. बियाण्याच्या गोण्या भरल्या गेल्या.

त्याच आठवड्यात नवी तापपेटी आली. ती सहा मिनिटांत तापते. बाईंनी हौसेने सतरा नंबर तिच्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळी रोपे माना टाकून पडली होती.

"नवं मशीन बिघडलेलं दिसतंय," विभागाचे सर म्हणाले. "परत पाठवा."

बाईंनी स्वतःचा तापमापक आत लावून पाहिला. मशीन ठीक होते. मग त्यांनी सतरा नंबर आणि साधा गहू शेजारी शेजारी माझ्यात ठेवला. दोन दिवसांनी दोन्ही ट्रे सारखेच हिरवे होते.

मग त्यांनी दोन्ही पेट्यांतली पाने वाटून त्यांतली प्रथिने तपासली. कागदावर पट्टे उमटले. माझ्यातल्या दोन्ही गव्हांत एक पट्टा ठसठशीत होता. नव्या पेटीतल्या रोपांत तो असून नसल्यासारखा.

"हा कशाचा, बाई?" मावशींनी विचारले.

"पानातल्या प्रत्येक प्रथिनाची एक ठरावीक घडी असते. उष्णता वाढली की ती विस्कटते, आणि विस्कटलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात. हा पट्टा राखणदार प्रथिनांचा. ती घडी सांभाळतात, मोडलेली परत घालतात. पण ती तयार करायला रोपाला वेळ लागतो. भट्टी तो वेळ देते."

"म्हणजे कळवून आलेला पाहुणा आणि दार ढकलून आलेला पाहुणा!"

"अगदी तसंच. सतरा नंबरमध्ये वेगळं काही नाही. कुठल्याही गव्हानं हेच केलं असतं."

मावशींचा चेहरा उतरला. "माझ्या त्या थंड पेटीच्या सवयीनं झालं का हे?"

"छे! साधा गहू शेजारी ठेवून बघायचं मला दोन वर्षं सुचलं नाही. चूक माझी."

बाईंनी हे सरांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, गाडी भरलीय! एवढा हंगाम जाऊ दे, पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

"माझ्या सहीवर भरवसा ठेवून लोक उशिरा पेरतील, सर. दाणा भरायच्या वेळी ऊन गाठेल."

"आणि आपली दोन वर्षं?"

"ती गेलीच आहेत. शेतकऱ्यांचं पीक त्यात कशाला घालवायचं?"

बाईंनी पत्र लिहिले. आपलाच निष्कर्ष चुकला, असे पहिल्याच ओळीत. सर ते दोनदा वाचून सही न करता निघून गेले. अर्ध्या तासाने परतले आणि उभ्याउभ्याच सही केली. गोण्या उतरवल्या गेल्या.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना तेल घाला असे मी म्हणणार नाही. घातले तर बरेच. मागणे एवढेच, की यंत्राने आकडा दाखवला तर तो आकडा कसा आला, हेही एकदा विचारा. ज्यांच्या शेतात त्या गोण्या जाणार होत्या, त्यांनी नेहमीचा गहू नेहमीच्या वेळी पेरला. त्यांना यातले काही कळले नाही. काळजी वेळेवर घेतली, की आभार मानायला कुणी येत नाही.